कुणी सापडेपर्यंत

बोटाच्या पेरावर ठेवली तरी तिचं वजन लागत नव्हतं. लालसर, कडेला किंचित वळलेली, नखाहूनही लहान – श्वास लागला तर उडून जाईल म्हणून तिनं तोंड फिरवून श्वास सोडला. दुसऱ्या कुणी चादर झटकली असती तर दिसलीही नसती. पण ती आधी तळहातानं चादर चाचपते, मग घडी उलगडून उजेडाकडे धरते, आणि मगच झटकते. दोन उशांच्या मधोमध सापडली. थोरलीच्या बाजूला म्हणावं तर धाकट्याच्याही बाजूला तेवढीच. शेंगदाण्याची साल. तीन वर्षं झाली, या घरात शेंगदाणा आलेला नाही... आलेला नाही असं आपण धरून चाललोय.

स्वयंपाकघरातून धाकट्याचं बोंबलणं ऐकू येत होतं. दूध नको, कप नको, हा निळा कप तर मुळीच नको. चार वर्षांचा. पाळण्यात असल्यापासून आवाज असा, की बापानं त्याला भोंगा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. बाकीच्यांचं डोकं उठायचं, तिला मात्र त्या आवाजानं बरं वाटे. भोंगा वाजतोय म्हणजे घसा उघडा आहे. वर्षाचा असताना एका वाढदिवसाला कुणीतरी कौतुकानं त्याच्या जिभेला बोट लावलं होतं – काहीतरी गोड, दाण्याचं कूट घातलेलं – आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, डोळे मिटत आले, आणि रडायला त्यानं तोंड उघडलं तर आतून काहीच आलं नाही. ते उघडं, मुकं तोंड. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि मांडीवर भोंगा गप्प होता. "या वेळी वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले होते. या वेळी... पुढच्या वेळेबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं त्याची मान वळवून पाहिली. कानामागे दोन गांधी उठलेल्या. छोट्या, गुलाबी. डास असेल. डास असेलही.

"हे काय आहे?" तिनं नवऱ्यापुढे बोट धरलं. तो फ्रीज दुरुस्त करायला घरोघर फिरतो. हत्यारांच्या पेटीचं बक्कल लागत नव्हतं म्हणून खाली वाकला होता.

"कांद्याची असेल."

"चादरीत कांदा?"

"मग मला काय ठाऊक? सकाळी सकाळी सुरू होऊ नकोस बाई."

त्यानं वर पाहण्याआधीच कांदा म्हटलं. हे तिनं टिपून ठेवलं. दिवसाला पाच-सहा घरं, प्रत्येक घरी चहा, चहाबरोबर बशीत काहीतरी... शर्टाच्या बाहीला काय काय चिकटत असेल. घरी आल्यावर तो आंघोळ करतो, कपडे वेगळ्या बादलीत टाकतो, सगळं करतो – पण किती दिवस करेल? माणूस कंटाळतो. कंटाळला की आधी पुढच्याला फसवतो, मग स्वतःला.

सासूबाई खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझी पिशवी बघायची असेल तर दाराला अडकवलेली आहे."

कुणी मागितली होती पिशवी? चोराच्या मनात चांदणं, असं तिच्या मनात आलंच, आणि लगोलग स्वतःची लाजही वाटली. ही बाई एके काळी रोज संध्याकाळी मूठभर भाजके दाणे खायची. हॉस्पिटलातून नातू घरी आला त्या दिवशी तिनं डबा स्वतः बाहेर नेऊन टाकला, पुन्हा नाव काढलं नाही. एक शब्द नाही. पण मला कुणी सांगावं, साठ वर्षांची सवय अशी एका दिवसात, एका शब्दाशिवाय सुटते का? कुरकुर केली असती तर विश्वास बसला असता.

तिनं पिशवी बघितली. रुमाल, दवाखान्याची चिठ्ठी, सुटी नाणी. काही नाही. सासूबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

थोरली वेणी घालायला पुढ्यात येऊन उभी राहिली. सात वर्षांची, भाऊ झाल्यापासून तिला सगळे ताईच म्हणतात, आईबापसुद्धा. "काय सापडलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

ताईनं आईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिचं लक्ष मिटलेल्या मुठीकडे होतं.

*

शर्टांच्या कारखान्यात तिचं टेबल ओळीच्या शेवटी आहे. वर दिव्याची पांढरी नळी, खाली काच. शर्ट पसरायचा, कॉलर, खांदा, काखेची शिवण, कफ, असा ठरलेल्या वाटेनं हात फिरवायचा आणि खोट दिसली की तिथं लाल बाण चिकटवायचा. अकरा वर्षं. डोळा असा तयार झालाय की लग्नात, बसमध्ये, कुणाशी बोलताना आधी त्याची बटणपट्टी दिसते, मग चेहरा. नवरा म्हणतो, तुला पगार चुका शोधण्याचा मिळतो, घरी तू ओव्हरटाइम करतेस. पूर्वी ती हसायची.

साल तिनं कागदाच्या पुडीत घालून पर्समध्ये आणली होती. का आणली? टाकून दिली असती तर पुरावा गेला असता. पुरावा कुणाला दाखवायचा होता? जेवणाच्या सुट्टीत तिनं काजवालीला दाखवली – शेजारच्या मशीनवर काजं करते ती, जिभेला हाड नसलेली बाई, पण मनानं चोख. काजवालीनं चष्म्यातून पाहिलं, पुडी तोंडाजवळ नेली आणि फू केलं.

"गेली. आता?"

"अगं!"

"आता काय करशील? चादर धुवायला टाकलीस ना? पोराला तपासलंस ना? मग झालं की. घरातल्या माणसांना पाण्यात पाहून काय मिळणार आहे तुला?"

हसावं की चिडावं ते तिला कळेना. ती उठून गेली, दोनदा साबणानं हात धुतले, पर्स आतून पुसून काढली, आणि परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की साल नसल्यामुळे तर ती आता सगळीकडेच आहे. नवऱ्याच्या बाहीत, सासूबाईंच्या पदरात, दुपारी पोरांना सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या नखांत. आणि शाळेत. ताईच्या शाळेत चाळीस डबे उघडतात, एकमेकींच्या डब्यात हात जातात. तिला शिकवलंय, घासूनपुसून शिकवलंय – कुणाचं घ्यायचं नाही, खाल्लंच तर तोंड धुवायचं, भोंग्याचा पापा घ्यायचा नाही. सात वर्षांच्या पोरीला दिवसभर हे सगळं लक्षात ठेवायला जमतं का? आणि जमत असेल तर... तर तेही बरं लक्षण नाही.

तीन वाजता ओळ थांबली. एकामागून एक सात शर्टांची कॉलर वाकडी आली होती, आणि इथली रीत अशी की खोट कुठल्या मशीनची ते कळेपर्यंत कुणी टाका घालायचा नाही. पंखे तेवढे चालू. सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभा. पाच मिनिटं, दहा मिनिटं... मग तिसऱ्या मशीनवरची नवी मुलगी हळूच म्हणाली, "माझंच असेल." ओळ सुरू झाली. सगळ्यांनी मोकळा श्वास सोडला, तिनंसुद्धा. नंतर काचेवर शर्ट पसरल्यावर तिला दिसलं, टाका बारीक होता. नव्या मुलीचा टाका मोठा पडतो. तिनं बाण चिकटवला आणि पुढचा शर्ट ओढला. चोर सोडून संन्याशाला फाशी – पण ओळ चालू होती.

"तिचं नव्हतं," काजवाली मान खाली घालूनच पुटपुटली. "कुणीतरी हो म्हणावं लागतं गं. नाहीतर बसा रात्रीपर्यंत."

आणि सव्वापाचला आणखी चार वाकड्या कॉलरी आल्या.

*

संध्याकाळी घरी चौघंही होते. भोंग्याच्या मानेवरच्या गांधी बसल्या होत्या, तो पलंगाखाली गाडी चालवत होता आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होता. तिनं चप्पल काढायच्या आत विचारायचं नाही असं वाटेत ठरवलं होतं. चप्पल काढली. पाणी प्यायली. मग विचारलंच.

"मला एवढंच कळू दे, कुणी आणलं. मी ओरडणार नाही."

नवरा जमिनीकडे बघत राहिला. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. तिला आपला आवाज ऐकू येत होता, गोड केलेला, सुपरवायझरसारखा. घड्याळाचा काटा, पलंगाखालची गाडी... आणि मग भिंतीला टेकून उभी असलेली ताई म्हणाली, "मी."

"तू?"

"मी आणले शाळेतून. मैत्रिणीनं दिले होते. चुकून."

आणि तिला – हे नंतर तिला आठवायचं नव्हतं – तिला बरं वाटलं. खांदे खाली आले, सकाळपासून आवळलेलं काहीतरी सुटलं, नवराही चांगला वाटायला लागला, सासूबाईही. पोर आहे, चुकते, सांगितलं ना खरं. ती हसलीसुद्धा. "वेडाबाई, कशातून आणलेस?"

"खिशातून."

खिशातून. हसू तोंडावर तसंच राहिलं. ताईच्या गणवेशाला खिसे नाहीत. म्हणजे आहेत, पण तोंड शिवलेले. तिनंच शिवलेत, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, बारीक टाक्यानं, काही घालून आणता येऊ नये म्हणून. घरातल्या प्रत्येक कपड्याचा खिसा तिनं असा बंद केलाय. पोरगी रोज तोच गणवेश घालते आणि खोटं बोलतानासुद्धा तिच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या मुलींचे कपडे होते.

ती ताईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. गुडघ्यांवर बसली. "तू नाही आणलेस."

ताईनं दाराकडे पाहिलं.

"मग का म्हणालीस?"

ताईनं वेणीचं टोक तोंडात धरलं, सोडलं. तिला शब्द सापडत नव्हते असं नाही. सांगावं की नाही हे ती ठरवत होती. "कुणी सापडलं की तू बरी होतेस," ती म्हणाली. "मग आजी जेवते."

आजी जेवते... म्हणजे सापडेपर्यंत आजी जेवत नाही? हे कधीपासून? तिला एकदम उन्हाळ्यातलं बिस्किट आठवलं. भोंग्याच्या पोटावर पुरळ आलं होतं आणि ताईनं कबूल केलं होतं की शेजारच्या घरी बिस्किट खाल्लं. त्यावर तिचं शेजारी खेळायला जाणं बंद झालं होतं. त्याआधी चॉकलेट. त्याआधी, ती पाच वर्षांची असताना, काय ते... प्रत्येक वेळी कबुली आणि प्रत्येक वेळी आपण सुटकेचा श्वास टाकून शोध थांबवलेला. उन्हाळ्यात मसाल्याच्या डब्यांपर्यंत हात आला होता, तिसरा डबा उघडायचा होता, आणि पोरगी म्हणाली "मी". मी डबा परत ठेवला. तिसऱ्या डब्यात काय होतं? तो डबा संपला, धुतला, त्यात आता दुसरं काही आहे. खरी गोष्ट प्रत्येक वेळी घरातच राहिली, माझ्या लेकराच्या ताटापासून हातभर लांब, आणि मी एका पोरीला माफ करत बसले.

"आधीचं बिस्किट?" तिनं विचारलं. "ते खरं होतं?"

ताईला आठवेना. खरंच आठवेना, चेहऱ्यावर दिसत होतं. इतक्यांदा सांगितलं होतं की तिचं तिलाच कळत नव्हतं.

तिनं ताईला जवळ ओढलं. ते हडकुळं अंग आधी ताठ, मग थोडं सैल. रडू आलं तर ताई पुन्हा काहीतरी कबूल करेल या भीतीनं तिनं ते गिळलं. "ऐक. तू काहीच केलं नाहीस. कळलं? यापुढे न केलेलं कबूल करायचं नाही. तू नव्हतीस."

तिला वाटलं होतं ताईला हलकं वाटेल. ताई मागे सरली.

"मग कोण?"

प्रश्न सरळ होता. दार अर्धं उघडं होतं आणि ताईनं बाहेर पाहिलं – आजीकडे, भाजीतल्या तिच्या बोटांकडे, नखांकडे. मग बाबाकडे, त्याच्या बाहीच्या कडेला. ठरलेल्या वाटेनं, कुठंही घाई न करता. हे कुणी शिकवलं तिला, हे विचारायची सोय नव्हती. पलंगाखाली गाडी थांबली होती की काय, तिनं कान दिला... नाही, वाजत होता भोंगा, हळू, स्वतःशीच. आणि मग ताईची नजर आत वळली आणि आईवर येऊन थांबली. आधी हातांवर. मग पदरावर. मग पुन्हा हातांवर.

"मी... मी कशाला आणीन?" ती म्हणाली.

तिचा आवाज नको तितका लवकर आला होता. आपण निर्दोष आहोत हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी कान गरम झाले होते; हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं. ताई नुसती बघत राहिली, शांतपणे, वाट बघत. आणि तिथं गुडघ्यांवर बसल्या बसल्या ती काल दुपारपासून कुठं कुठं गेलो, कुणाच्या शेजारी बसलो, कशाकशाला हात लावला हे एकेक करून आठवू लागली, आणि तिला मधला एक तास काही केल्या आठवेना.