टॅकेटसाठी राखलेली जागा

मर्लच्या सह्या जमवण्याच्या नादापायी मी अर्धा ओहायो गाडीनं पालथा घातला आहे. बाकीच्या बायकांचे नवरे म्हातारपणी तळ्याकाठी गळ टाकून गप्प बसतात. माझा नवरा निवृत्त बेसबॉल खेळाडूंच्या दारात उभा राहतो आणि मी गाडीत हीटर चालू ठेवून वाट बघते. कुणी गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन खोलून बसलेला असतो, कुणी दोन्ही गुडघे बदलून आडवा पडलेला. सही मिळते, पातळ कॉफी मिळते, आणि मला आत बोलावलंच तर त्याच त्या सामन्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. थकले मी. वयानं थकले, आणि बेसबॉलनं त्याहून जास्त.

त्या मंगळवारी आम्ही नदी ओलांडून केंटकीत रॉयस टॅकेटकडे निघालो, ते एका चेंडूसाठी. सहासष्ट साली आमच्या गावच्या छोट्या संघानं लीग जिंकली, तेव्हा मर्लनं एकाच चेंडूवर सगळ्या संघाच्या सह्या घेतल्या होत्या. चेंडूच्या शिवणी जिथं सर्वांत जवळ येतात, ती मधली जागा मानाची. तिथं एकट्याची सही असते, बहुतेक वेळा मॅनेजरची. मर्लनं मॅनेजरला कडेला सरकवलं आणि ती जागा टॅकेटसाठी राखली, कारण तसा चेंडू फेकणारा पिचर आमच्या गावानं पुन्हा पाहिला नाही. नेमकं सह्यांच्याच दिवशी सकाळी टॅकेटला वरच्या संघाचं बोलावणं आलं आणि तो बस पकडून गेला. जागा कोरीच राहिली.

तशा टॅकेटच्या सह्या टपालानं मिळायच्या. खेळाडूला त्याचा फोटो छापलेलं कार्ड पाठवायचं, सोबत आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट द्यायचं, की तो सही करून परत टाकतो. पण चेंडू मर्लनं कधी टपालाच्या हवाली केला नाही. ती कार्डं भिंगाखाली धरून एकदा तो म्हणाला होता की हे अक्षर टॅकेटचं नाही, फार नीटनेटकं आहे. तेव्हा त्याचे डोळे शाबूत होते. आता नजरेतलं मधलं सगळं गेलंय, कडेकडेनं काय ते दिसतं. माझा चेहरा बघायचा तर तो माझ्या कानाकडे बघतो. उरलंय तेही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याआधी तो चेंडू त्याला पुरा झालेला हवा होता. म्हणून मी कुरकुरत का होईना, गाडीची चावी उचलली.

टॅकेटच्या बायकोनं, ओपलनं, दार उघडलं. मी फोन करून आले होते, तरी तिचा चेहरा उतरलेलाच होता. तिनं आम्हाला आधी स्वयंपाकघरात बसवलं, शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव पुढं केला. मर्ल हात धुवायला उठला, तेवढ्यात तिनं मला सांगून टाकलं.

"त्यांचं डोकं आता ठिकाणावर नसतं हो. टपालाच्या सह्या कित्येक वर्षं मीच करतेय. पाकिटं यायची थांबली असती, तर त्यांना वाटलं असतं, लोक विसरले."

मी तिला काय बोलणार? एका माणसाचं वेड सांभाळत मीही म्हातारी झालेय.

रॉयस टॅकेट खिडकीशी बसला होता. मर्लनं चेंडू त्याच्या तळव्यात ठेवला, तशी त्याची बोटं आपोआप शिवणीवर जाऊन बसली. मग मर्लनं पेन दिलं, आणि म्हाताऱ्याला काहीतरी आठवलं.

"कुणाच्या नावानं लिहू?" त्यानं विचारलं.

सह्या जमवणाऱ्यांकडे याला एकच उत्तर असतं. नाव घातलं की तो चेंडू त्या माणसाचा झाला, मग दुसरं कुणी त्याला विचारत नाही. जन्मभर मर्ल दारोदार हेच सांगत आला, नाव नको, नुसती सही करा.

"अर्लीन," मर्ल म्हणाला.

"अरे, माझं कशाला?"

"मग कुणाचं? गाडी कोण चालवतं?" तो टॅकेटकडे वळला. "अर्लीनसाठी लिहा, साहेब."

टॅकेटनं एकेक अक्षर कोरून काढलं. मानाच्या जागेत 'अर्लीनसाठी' एवढंच मावलं आणि खाली जेमतेम सहीपुरती पट्टी उरली. तिथं येऊन त्याचं पेन थांबलं. ओपल त्याच्या कानाशी वाकली आणि त्याचं नाव हलकेच म्हणाली.

"चांगला पोरगा होता तो," टॅकेट म्हणाला, आणि त्यानं पेन मांडीवर ठेवून दिलं.

"झाली का गं?" मर्लनं मला विचारलं. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

ओपलनं पेन उचललं, टोक चेंडूजवळ नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मर्लला ते जन्मात कळलं नसतं, आणि माझी या दारोदारीतून सुटका झाली असती. मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या चेंडूवरची एकेक सही त्यानं समोर उभं राहून घेतली होती. ही एक बघायला त्यानं माझे डोळे आणले होते.

"नाही झाली," मी म्हणाले. "माझं नाव लिहिलंय त्यांनी. स्वतःचं त्यांना आठवत नाही."

मर्लनं माझ्या कानाकडे पाहिलं.

"अक्षर त्यांचंच ना?"

"त्यांचंच. मी बघत होते. वाकडंतिकडं आहे."

त्यानं मान डोलावली. मग खुर्ची पुढं ओढून तो टॅकेटला त्याचेच सामने सांगत बसला. टॅकेट मन लावून ऐकत होता, मधूनच पुढं काय झालं म्हणून विचारत होता. ओपल दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

गाडीत मी त्याचा पट्टा लावून दिला. आता हा पुढचं नाव काढणार, म्हणून मी मन घट्ट करून बसले. प्रत्येक दारातून निघाल्यावर तो काढायचाच.

"आता पुरे, अर्लीन," मर्ल म्हणाला. "आता कुणाकडे जायचं नाही."

एवढंच ऐकायला मी किती वर्षं टपून बसले होते. आता ऐकलं, आणि ते नकोसं झालं. त्याचा रागही आला.

"इंडियानातला तो डावरा पिचर आहे ना अजून?" मी विचारलं आणि गाडी काढली.