ओदेतला दिलेली संथा

आमच्या शेजारची ओदेत एके काळी फ्रान्समधली मोठी सिनेनटी होती, हे अमेरिकेत ॲन आर्बरला येऊन दोन वर्षं झाली तरी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली तिला पहाटे उठून दारातला बर्फ लोटणारी एक ताठ म्हातारी समजत होते.

आमचा चारुदत्त युनिव्हर्सिटीत संशोधन करतो, सून मालिनी इस्पितळाच्या लॅबमध्ये, नात प्रतिमा शाळेत. दिवसभर घरात मी एकटी. पलीकडे ओदेत एकटी. तिचा अमेरिकन नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मग दुपारचा चहा एकमेकींकडे व्हायला लागला. तिचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं कुठल्याच वळणाचं नाही. पण दोन म्हाताऱ्यांना कितीसे शब्द लागतात? मी मनातल्या मनात तिला अगं-तुगंच करायची.

एकदा तिनं भिंतीवरचा फोटो दाखवला. त्यातली पोरगी बघून मी म्हटलं, "ही कोण तुझी लेक?" ती म्हणाली, "मीच." आणि मग सगळं सांगितलं. समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावातली. आई लोकांचे कपडे धुवायची. सोळाव्या वर्षी पॅरिसच्या एका नाटक कंपनीत कपड्यांना इस्त्री करायला लागली. एका रात्री एक नटी आजारी पडली, हिला तिचे कपडे होत होते, म्हणून हिला उभी केली. पुढे सिनेमे मिळाले. एकंदर चौदा.

"चौदांतल्या नवांत मी मरते," ती म्हणाली.

"आणि बाकी पाचांत?"

"लग्न करते."

"म्हणजे चौदाच्या चौदांत मरतेस," मी म्हटलं. ती इतकी हसली की हातातला चहा गालिच्यावर सांडला.

हे सगळं शहाऐंशी सालच्या हिवाळ्यातलं. फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीचा एक प्रोफेसर तिच्याकडे आला. तिचा अडतीस सालचा एक सिनेमा त्यानं कुठून तरी मिळवला होता. त्यात ही दीपगृह राखणाऱ्याची बायको. पण शेवटचं रीळ हरवलेलं. त्या रिळात काय होतं, तर ती एकटी खडकावर उभी राहून चार-पाच मिनिटं बोलते, बस. ते भाषण फ्रेंचमध्ये लिहिलेला कागद त्यानं आणला होता. तर प्रोफेसरचं म्हणणं, सिनेमा थांबेल तिथं तुम्ही स्वतः स्टेजवर या आणि ते भाषण म्हणा. लोकांच्या हातात इंग्रजी भाषांतराचा कागद देऊ.

ओदेत मान वर करून "जरूर" म्हणाली. तो गेल्यावर मात्र तडक माझ्याकडे आली.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "वर्तमानपत्रांनी लिहिलं, ओदेतनं प्रेमासाठी पॅरिस सोडलं. खोटं आहे. बावन्न साली नाटकात उभी होते. मधेच शब्द गेले. पुढचं एक अक्षर आठवेना. लोक शिट्ट्या मारायला लागले. मागच्या दारानं जी निघाले, ती परत स्टेजवर चढले नाही. लग्न नंतर केलं."

"नवऱ्याला माहीत होतं?"

"नाही."

"नाही म्हणून सांग त्या प्रोफेसरला," असं म्हणणं सोपं होतं. पण तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं, आता नाही म्हणाली तर ही मरेपर्यंत त्या मागच्या दारातच उभी राहणार.

मी तिसरी शिकलेली. पण आमचे वडील भिक्षुकी करायचे, ओसरीवर मुलांना संथा द्यायचे. त्यांनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा. मी आत वाती वळत बसायची आणि ऐकायची. माझे दोन्ही भाऊ सगळं विसरले. माझं आजही एक अक्षर हलत नाही.

"तो भाषणाचा कागद आण," मी ओदेतला म्हटलं. "तू म्हण, मी दोनदा म्हणते. मला पाठ झालं की कागद बंद. मग तू म्हणायचं आणि अडलीस की मी सांगायचं."

मालिनी संध्याकाळी घरी आली तर स्वयंपाकघरात मी भाकरी थापत फ्रेंच म्हणतेय.

"अहो आई, काय चाललंय? तुम्हाला फ्रेंच कुठं कळतं?"

"मला संस्कृत तरी कुठं कळत होतं?"

"पण अर्थ न समजता—"

"अर्थ तिच्याकडे आहे. माझ्याकडे शब्द असले की झालं."

प्रतिमा शाळेत फ्रेंच घेत होती. तिला वाटलं आजीला वेड लागलं. "आजी, युअर ॲक्सेंट इज हॉरिबल!" मी म्हटलं, "तू आधी मराठीत भांड, मग मला शिकव." मालिनीला हसू आवरेना.

पाच आठवडे रोज दुपारी आमची संथा चालली. ओदेत जे जे म्हणे ते मी धरून ठेवत गेले.

कार्यक्रम मार्चमधल्या एका रविवारी दुपारी होता. बाहेर चिखल आणि अर्धवट वितळलेला बर्फ. मी नऊवारीवर चारुदत्तचा जाड कोट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मालिनी आणि प्रतिमा. हॉल भरलेला, बहुतेक विद्यार्थी. पडद्यावरची ओदेत बघितली आणि खरं सांगते, मला माझ्या शेजारणीची जरा भीतीच वाटली. इतकी देखणी होती.

सिनेमा थांबला, दिवे लागले. काळ्या कपड्यांतली ओदेत पुढे आली आणि बोलायला लागली. आवाज घट्ट. मी ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर चाललेली. निम्मं झालं. आणि थांबली.

नटी मुद्दाम थांबते तसं नव्हे. मी तिचे डोळे बघितले. ती हॉलच्या दाराकडे बघत होती.

मी पुढचं सांगितलं. माझा आवाज काही हळू नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

मग इकडून तिकडून कुणी कुणी हसायला लागलं. प्रतिमानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आजी! ती शिवी आहे!"

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. स्वयंपाकघरात ओदेत ह्याच जागी दर वेळी अडायची, टेबलावर हात आपटून काहीतरी म्हणायची, मग आपली आपण पुढे जायची, म्हणून तिथलं सांगायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती. मी तेही धरून ठेवलं होतं, भाषणातलंच समजून. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ओदेत माझ्याकडे बघत राहिली. मग तीही हसली, आणि लोकांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हा शब्द सिनेमातला नाही. माझा आहे. बावन्न साली पॅरिसमध्ये, दोन हजार माणसांपुढे, मी हाच म्हणाले होते आणि पळून गेले होते. मी शब्द विसरले होते, म्हणून मी पॅरिस सोडलं. दुसरं काही कारण नव्हतं." हसणारे गप्प झाले. "आज ही माझी मैत्रीण मला पळू देत नाही."

मग सगळ्यांसमोर हात पुढे करून मला विचारलं, "पुढे काय?"

मी सांगितलं. ह्या वेळी शिवी गाळून.

ती पुढे निघाली. थोड्या वेळानं परत अडली, परत लाज न बाळगता विचारलं, मी परत दिलं.

शेवटच्या दोन ओळी राहिल्या आणि ती तिसऱ्यांदा थांबली. ह्या वेळी मला विचारलं नाही. डोळे मिटून उभी. माझ्या जिभेवर शब्द तयार होता. मालिनीनं मला कोपरानं ढोसलं, "आई, सांगा ना!"

जन्मात मी कधी जीभ आवरलेली नाही. सासूपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, सुनेपुढे तर नाहीच. त्या दुपारी आवरली. मालिनीचा हात घट्ट धरला आणि ओदेतच्या ओठांकडे बघत बसले. किती वेळ गेला मला माहीत नाही. भाकरी करपेल इतका तरी गेला.

मग तिचे ओठ हलले. शब्द बरोबर होता.