जमिनीवरचा गोल

लंबूचा जन्म निर्वासितांच्या छावणीतला, आणि फुटबॉलही तो तिथेच शिकला. सगळ्या छावणीत चेंडू एकच. तो तारेच्या कुंपणापलीकडे गेला की गेलाच, मग मारणाऱ्याला सगळी पोरं मिळून बदडून काढत. त्यामुळे चेंडू जमिनीलगतच मारायचा, हे लंबूच्या हाडीमाशी खिळलं होतं.

मोठेपणी एका क्लबाने त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतलं, तेव्हा प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. "अरे, चेंडू आहे तो, अंडं नव्हे! जरा उचल की!"

पहिल्याच सामन्यात बरोबरी असताना लंबूला पेनल्टी मिळाली. "वर मार, वर!" प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून घसा फोडून ओरडले. लंबूने मनाचा हिय्या केला, पण ऐनवेळी पाय कचरला आणि चेंडू गवतातून सरपटत निघाला. प्रशिक्षकांचं ओरडणं गोलकीपरनेही ऐकलं होतं. त्याने हवेत उंच झेप घेतली, आणि चेंडू खालून सुखरूप जाळ्यात गेला.

"आमची ठरलेली चालच होती ती," प्रशिक्षकांनी पत्रकारांना छाती फुगवून सांगितलं. मग लंबूच्या कानाशी लागून म्हणाले, "यापुढे मी असाच बोंबलणार. तू मात्र माझं काडीचंही ऐकू नकोस, बाबा!"

लंबूने मान डोलावली खरी, पण त्याला हसू काही आवरेना.