कोपऱ्यापर्यंत आता मला कोणी नेत नाही

मित्रांनो, अमरावतीच्या एका साध्या वस्तीत, बदामाच्या झाडाखाली, फाटकाला जवळजवळ टेकून एक डाळिंबी रंगाची स्कूटर उभी असते. तिच्या सीटला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. पुढचा दिवा जरा तिरका बघतो. ती म्हातारी स्कूटर म्हणजे मीच. माझ्या अंगात आता पूर्वीची रग राहिलेली नाही. सकाळी बटण दाबले की मी नुसती खोकते, पुन्हा दाबले की कुरकुरते, आणि शेवटी किक मारावीच लागते. तरीही आज तुमच्याशी चार शब्द बोलावेसे वाटले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. रंगाचा उग्र वास आठवतो आणि ट्रकमध्ये बहिणींसोबत दोरांनी बांधून केलेला लांबचा प्रवास आठवतो. अमरावतीच्या दुकानात मला उतरवले तेव्हा कडक ऊन होते. त्याच आठवड्यात रूपालीताई आणि कुंदनराव मला बघायला आले. रूपालीताईंना नुकतीच सरकारी कचेरीत नोकरी लागली होती. कुंदनराव नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात पाळीवर कामाला जात. माझा रंग कुंदनरावांनी पसंत केला. माझ्या गळ्यात हार पडला, चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला.

रूपालीताई मैदानावर माझ्यावर बसायला शिकल्या. कुंदनराव मागून मला धरून पळायचे.

"हात सोडू नोका वो!" ताई ओरडायच्या.

"नाई सोडत," असे म्हणत कुंदनराव लांब मागे उभे राहून हसत असायचे.

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची होती. सकाळी ताईंची मुलगी आकांक्षा माझ्या पायदानावर उभी राहून शाळेत जायची. तिला सोडून ताई कचेरीत जायच्या. येताना भाजी, दळण, कधी दोन पायांच्या मध्ये गॅसची टाकी. रिद्धपूरजवळच्या त्यांच्या माहेराहून आम्ही सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांनी भरलेली थैली आणायचो आणि वाटभर माझ्या अंगाला हिरवा वास यायचा. शेजारीपाजारी म्हणत, "रूपालीची गाडी लय गुणाची हाय." ते ऐकून माझा दिवा न लावताच उजळायचा.

हळूहळू ताई माझ्याशिवाय घराबाहेर पडेनाशा झाल्या. कोपऱ्यावरचे दुधाचे दुकान इथून, या फाटकातून दिसते. तिथेही त्या माझ्यावर बसूनच जात. मला त्याचा अभिमान वाटे.

ताईंनी पंचेचाळिशी ओलांडली. त्यांचे वजन वाढत होते, हे डॉक्टरांच्या आधी माझ्या मागच्या स्प्रिंगला कळले होते. मग गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले, "साखर काठावर आहे. गोळी नंतर बघू. आधी रोज चाला."

ताईंनी मनावर घेतले. पांढरेशुभ्र बूट आणले. थोडे दिवस त्या पहाटे गेल्या. मग पाहुणे आले. मग थंडी पडली. मग योगाच्या वर्गाला नाव घातले आणि कचेरीत तपासणी लागली. शेवटी, कामावरून परस्पर मैदानावर जाऊ, असे ठरवून त्यांनी ते बूट माझ्या डिक्कीत ठेवले. मित्रांनो, ते बूट मी कितीतरी महिने घरापासून कचेरीपर्यंत आणि कचेरीपासून घरापर्यंत वाहिले. चालण्याच्या बुटांना एवढा प्रवास झाला, पण त्यांच्या तळव्यांना माती लागली नाही.

पण ताई आळशी होत्या असे समजू नका. पहाटे उठून डबे, पाणी, झाडलोट, मग दिवसभर कचेरी, परत आल्यावर पुन्हा ओटा. संध्याकाळी त्या मला स्टँडवर लावत तेव्हा तेवढ्या कामाआधीही पिशवी खाली ठेवून दम घेत.

एकदा कुंदनराव फाटकातच म्हणाले, "रूपाली, चालाले जात जाय ना वं. डॉक्टर काय म्हनला?"

"सकाळपासून बसली का मी कुठी?" ताई म्हणाल्या. "उभीच तर हाय. पायात जीव नाई राहिला, आता कशानं चालू?"

कुंदनराव स्वतःच पाळी करून आलेले होते. ते पायरीवर बसून मोजे काढत राहिले.

आणि मग आम्ही पडलो. रस्ता ओला नव्हता, कोणी धडकलेही नाही. चौकात लाल दिवा लागला. ताईंनी मला थांबवून डावा पाय खाली टेकवला आणि त्यांचा गुडघा वाकला. मी त्यांच्यासकट आडवी झाले. माझा आरसा फुटला. त्यांचे मनगट मोडले. लोक धावून आले, मला उचलले, त्यांना दुभाजकावर बसवले.

"लय लागलं का बाई?" एकाने विचारले.

ताई रडत होत्या. "लागल्याचं नाई रडत," त्या म्हणाल्या. "मलेच माहा पाय पेलला नाई."

हाताला पलस्तर चढले आणि मी झाडाखाली उभी राहिले. ताई ऑटोने जाऊ लागल्या. ऑटो आमच्या गल्लीत शिरत नाही, मोठ्या रस्त्यावरच सोडतो. त्यामुळे तेवढे अंतर त्यांना चालावेच लागे. त्या कुरकुरत, थांबत, घाम पुसत यायच्या.

याच वाटेवर, आमच्या शेजारच्या घराच्या दारात शकुनबाई उभ्या असायच्या. त्या ताईंपेक्षा काही वर्षांनी मोठ्या. त्यांचे पती ओमप्रकाश बाजारात हारफुले विकायचे आणि रोज दिवस मावळताना उरलेली शेवंती रुमालात बांधून घरी आणायचे. त्या हिवाळ्यात ते गेले. मुलगा नितेश नोकरीसाठी अकोल्याला. शकुनबाई घरात एकट्या राहिल्या होत्या.

एका संध्याकाळी ताई त्यांच्यापाशी थांबल्या. "ताई, रोज अशा दारात काहून उभ्या राहता?"

"काई नाई वं," शकुनबाई म्हणाल्या. "ह्या टायमाले घरात बसवत नाई."

ताईंनी फाटकात येऊन हातातली पिशवी माझ्या हुकाला अडकवली. "चला, त्या वळणापर्यंत जाऊन येऊ."

दोघी गेल्या आणि धापा टाकत परत आल्या. दुसऱ्या दिवशी शकुनबाई आपणहून आमच्या फाटकात आल्या आणि ताईंची वाट बघत माझ्या सीटवर बसल्या. मग तो रोजचा परिपाठच झाला.

आता एक गंमत सांगते असे म्हणायला माझ्याजवळ फारशा गमती नाहीत, पण ही एक आहे. ताई घरात कुंदनरावांना म्हणत, "मले कुठी हौस हाय चालाची? त्या बाईचा जीव रमत नाई, म्हनून जावं लागते." आणि शकुनबाई माझ्यावर बसून नितेशला फोनवर सांगत, "रूपालीचा हात मोडला, गुडघाबी गेला. एकटी नाई जात थे. म्हनून मी जातो सोबतीले." मी दोन्ही ऐकायचे आणि गप्प राहायचे.

पलस्तर निघाले. माझा आरसा नवा आला, आणि ताई पुन्हा माझ्यावर बसून कचेरीत जाऊ लागल्या. पहिल्याच संध्याकाळी त्या घरी आल्या त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या. शकुनबाई माझ्या सीटवर येऊन बसल्या. बराच वेळ झाला. खिडकीतून आतले बोलणे ऐकू येत होते.

"शकुनताई बाहेर बसल्या हायेत," कुंदनराव म्हणाले.

"सांगा ना तुमी. आज नाई म्हना. लय थकली मी."

"तूच सांग."

ताई सांगायलाच बाहेर आल्या. केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. शकुनबाईंनी मात्र त्या दिवशी केस नीट विंचरून अंबाडा घातला होता. धुतलेले लुगडे नेसल्या होत्या. चेहऱ्याला थोडी पावडरही लावली होती. ओमप्रकाश गेल्यापासून मी त्यांना असे पाहिले नव्हते. ताईही बघतच राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, "केस बांधून येतो."

मित्रांनो, मला वाटते ताईंचे चालणे खरे सुरू झाले ते त्या दिवशी. डॉक्टरांनी सांगून झाले नाही, बुटांनी झाले नाही, पडल्यानेही झाले नाही. त्यांना हुरूप काही आला नव्हता. बाहेर कोणीतरी बसले आहे आणि आपण गेलो नाही तर ते माणूस अंधाऱ्या घरात परत जाईल, एवढेच त्यांना कळले होते.

रोज लांब जाणे होई असे नाही. कधी देवळापर्यंत, कधी नुसते गल्लीच्या टोकापर्यंत. कधी दोघी भांडूनही येत. पण महिने सरले तसा ताईंचा पाय जमिनीवर नीट पडू लागला. कचेरीचा जिना त्या कठडा न धरता चढू लागल्या, हे त्यांनी माझ्या शेजारी उभे राहून कुंदनरावांना सांगितले. कोपऱ्यावरून दूध आणायला त्या पायीच जाऊ लागल्या. मी मात्र कचेरीपुरतीच उरले. सुटीच्या दिवशी माझ्या चाकात कोळी जाळे विणू लागला. माझी बॅटरी उतरू लागली. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

दिवाळीनंतर नितेश आईला अकोल्याला घेऊन जायला आला. सामान मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ऑटोत चढले. शकुनबाई शेवटचे माझ्या सीटवर टेकल्या. ताई समोर उभ्या होत्या.

"चालनं सोडू नोको," शकुनबाई म्हणाल्या.

"तुमी नसल्यावर हाक कोन मारीन मले?"

शकुनबाई ताईंच्या हाताला धरून उठल्या आणि ऑटोकडे निघाल्या.

त्या संध्याकाळी ताई फाटकाशी आल्या, रस्त्याकडे बघितले, परत आत गेल्या आणि माझी किल्ली घेऊन आल्या. कोपऱ्यावरून दही आणायचे होते. किती दिवसांनी त्यांनी मला कोपऱ्यावर नेले! मी पहिल्याच बटणाला सुरू झाले. पण ताईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. दही घेतले, घरी आलो, झाले.

मग रोज तसेच होऊ लागले. थंडी संपली, मार्चअखेरची कामे आली. ताईंचा गुडघा पुन्हा बोलू लागला. मला स्टँडवर लावताना त्या माझ्यावर भार टाकून क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत. कुंदनराव दारातून बघत.

अशाच एका संध्याकाळी ताई आल्या. हेल्मेट काढले, पण खाली उतरण्याचेही त्राण नव्हते. त्या माझ्यावरच बसून राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला. ताई नेहमी फोन मोठ्या आवाजात लावतात, म्हणून पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. शकुनबाई अकोल्याहून बोलत होत्या.

"आली का कामावरून?"

"आताच आली. तुमचं कसं हाय, ताई?"

"चांगलं हाय. सून चांगली हाय. सगळं हातात देते." मग त्या थांबल्या. "दिवस कलला का मंग जीव नाई लागत. तिसऱ्या मजल्यावर कोन हाक मारते वं?"

ताईंनी हेल्मेट आरशाला अडकवले. मग त्यांनी विचारले, "चालता का तुमी?"

"एकटी कुठी जाऊ? अन् तू?"

"नाई."

समोरून एक सायकल गेली. बदामाचे एक वाळके पान माझ्या हँडलवर पडले. मग ताई माझ्यावरून खाली उतरल्या.

"ताई, पायात चपला घाला."

"आता?"

"आता. खाली उतरा. फोन कानाले लावूनच ठेवा. मी बी निघून राहिली."

"अवं, तू थकून आली असशीन."

"थकली तर हाओच. उद्याबी थकलीच राहीन. थे काई जात नाई. तुमी उतरा."

डब्याची पिशवी माझ्या हुकालाच लटकत राहिली. ताई कचेरीच्या साडीत, कचेरीच्या चपलांनी, फोन कानाला लावून फाटकाबाहेर पडल्या. अकोल्याच्या त्या जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज फोनमधून येत होता.

"कुठवर आल्या?" ताईंनी विचारले.

"दुसऱ्या मजल्यावर. थांब, दम लागला."

"थांबतो. घाई नाई."

आणि त्या खरोखरच रस्त्याच्या मध्ये थांबल्या. मग चालू लागल्या. वळणापलीकडे त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला.

आता बहुतेक संध्याकाळी असेच होते. इकडे अमरावतीत एक आणि तिकडे अकोल्यात एक, दोघी आपापल्या रस्त्याने चालतात आणि भाजीपासून सुनेपर्यंत सगळे बोलतात. कधीतरी चुकतेही. ज्या दिवशी चुकते त्या दिवशी दुसरी रागावते.

मित्रांनो, मी थकलेली आहे, म्हणून थकलेल्यांची बाजू मला कळते. माझ्यासारख्या जुन्या गाड्यांना वेळेवर तेलपाणी द्या, धूळ पुसा, हे तर सांगतेच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. तुमचे आईबाबा दिवसभराचे काम उरकून घरी आले की त्यांना "तुम्ही व्यायाम करत नाही" असे बोलू नका. ते त्यांना ठाऊक असते. तुम्ही आपले पायात चप्पल घालून फाटकाशी जाऊन उभे राहा, आणि त्यांना येऊ द्या, सावकाश.