घडी न पडलेला बूट

मी एक जुना लाकडी पाय आहे. उजवा. मित्रांनो, दचकू नका. माझ्या मालकांची मुलगी विजयमाला हिनेही मला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ती दाराआड जाऊन उभी राहिली होती.

पासष्टच्या लढाईत माझे मालक सुभेदार कुंडलिक यांचा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली काही उरले नाही. पुण्याला लष्कराच्या कारागिराने त्यांच्या मापाने मला घडवले. हलके लाकूड, कातडी पट्टे, पितळी बकल. "पळता येणार नाही, पण चालताना कुणाला कळणार नाही," असे तो म्हणाला. त्याचे हे बोलणे सुभेदारांनी फारच मनावर घेतले.

सोलापुरात एका कापडगिरणीत त्यांना टाइमकीपरची नोकरी लागली. गिरणीला धडधाकट माजी सैनिक हवा होता. सुभेदारांनी विजारी लांब शिवून घेतल्या आणि लंगडण्याला संधिवात म्हणू लागले. रोज सकाळी ते दोन्ही बुटांना सारखेच पॉलिश करत. मला वाटे, किती जपतात मला!

विजयमाला शाळेत शिकवू लागली. एका संध्याकाळी ती वर्तमानपत्र घेऊन आली.

"आप्पा, लढाईतल्या जखमेबद्दल मिळणाऱ्या पेन्शनवर इन्कमटॅक्स नाही. तुम्ही ती पगारात मिळवून दरवर्षी कर भरता."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"मग कराच्या हापिसात अपंग म्हणून लिवून द्यावं लागतं. गिरणीचा हेडक्लार्क कल्लप्पा त्याच हापिसात कागद घेऊन बसलेला असतो. नोकरी जाईल. आन् मी अपंग न्हाय."

मी हादरलो. हे बोलत असताना त्यांचा हात माझ्या पट्ट्यावर होता. म्हणजे इतकी वर्षे ते मला जपत नव्हते, झाकत होते.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात ते नेहमीप्रमाणे करकचेरीत गेले. रांगेत पुढे सिद्धप्पा नावाचा तरुण होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा हात गेला होता आणि आता तो बँकेत नोकरीला होता.

"पेन्शन म्हणजे उत्पन्नच," खिडकीतला कारकून त्याला सांगत होता. "कर भरायचा."

"साहेब, ही हात गेल्याची पेन्शन हाय. साधी न्हवं."

"हात गेलेला दिसतोय हो. नियम कुठे दिसतोय?"

मागे कुणीतरी हसले. सिद्धप्पाने रिकामी बाही खिशात खोचली आणि तो वळला. तेवढ्यात सुभेदारांचा सगळा भार माझ्यावर आला. ते पुढे झाले होते.

"नियम हाय. जखमेच्या पेन्शनला कर न्हाय. मलाबी तीच मिळते."

कारकुनाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुम्हाला? तुम्हाला काय झालंय?"

रांगेत मागे कल्लप्पा उभा होता. सुभेदारांना ते माहीत होते. त्यांनी वाकून विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि बोटांच्या पेरांनी माझ्यावर टकटक केले. चारचौघांत माझा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. मग कारकून उठून आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनी नियम काढून पाहिला. सिद्धप्पाचा कर माफ झाला, सुभेदारांचाही.

बाहेर पायरीवर सुभेदार कल्लप्पाला म्हणाले, "उद्या राजीनामा देतो. फसवलं मी गिरणीला."

"कुणाला फसवलं?" कल्लप्पा पान चघळत म्हणाला. "सुभेदार, तुमचा डावा बूट बघा, घड्याच घड्या. उजव्याला एवढ्या वर्षांत एक घडी पडली न्हाय. चवडा वाकंल तवा पडणार की. सगळ्या गिरणीला ठाऊक हाय."

सुभेदारांनी वाकून दोन्ही बूट पाहिले. "मग कुणी बोललं कसं न्हाय?"

"तुमी बोलत नव्हता म्हणून."

ते पायरीवरच बसले. आणि मला एकेक उमगू लागले. टाइमकीपरचे टेबल पहिल्याच वर्षी वरच्या मजल्यावरून खाली आले होते. आमच्या वाटेवर सांडलेले तेल आम्ही पोचण्याआधीच पुसलेले असे. आम्ही कधी पडलो नाही, ही मी माझी कारागिरी समजत होतो.

त्यानंतर सुभेदार संधिवाताचे नाव काढीनासे झाले. दुपारी गिरणीत टेबलाखाली माझे पट्टे सैल करून बसत.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांना नेताना कुणीतरी म्हणाले, "लाकूडच हाय, जाऊ द्या संगं." विजयमालाने मला उचलून मांडीवर घेतले आणि सगळे परत येईपर्यंत तशीच बसून राहिली.

मी दुसऱ्या कुणाच्या मापाचा नाही. आता माझा उपयोग संपला. तरी तिने मला ट्रंकेत घातले नाही. दाराशी, सगळ्यांच्या चपलांच्या ओळीत मी बूट घालून उभा आहे. आल्यागेल्याला दिसतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचे काही मोडलेले, उणे असेल. ते झाकू नका. त्या माणसाच्या वाटेवरचे तेल तेवढे पुसत जा.

रविवारी विजयमाला दोन्ही बुटांना पॉलिश करते. डाव्याच्या घड्यांतून फडके हळू फिरवते. उजव्याला वेळ लागत नाही, तरी तो बराच वेळ तिच्या हातात असतो.