अण्णा उठून गेले तेव्हा

पंडितअण्णा नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे, धर्मराजकडे आले होते. १९८६चा फेब्रुवारी होता, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. दहा वर्षांची नात दीपा शाळेतल्या मैत्रिणींबरोबर म्युझियममध्ये नाचणार होती. आजोबांनी यायलाच हवं, असा तिचा हट्ट. कानटोपी घालून अण्णा पहिल्या रांगेत बसले.

आधी एका वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थांनी गोष्ट सांगितली. मालकांनी त्यांच्या गुलाम पूर्वजांचे ढोल काढून घेतले, तेव्हा त्यांनी मांड्यांवर, छातीवर हात मारला, पण ताल सोडला नाही. धर्मराज वडिलांना हळूच मराठीत सांगत होता. मग ढोल घुमू लागले, मुली स्टेजवर आल्या, आणि अण्णा उठून बाहेर गेले. दीपानं ते पाहिलं. तिचं पाऊल चुकलं.

धर्मराज मागोमाग गेला. अण्णा भिंतीला टेकून उभे होते.

"त्यांचा ढोल हिसकावून घेतला होता," ते म्हणाले. "आपल्या तर गळ्यात बांधला होता रे."

धर्मराजला ठाऊक होतं. गावात लग्न असो की मयत, अण्णांनी पुढं डफडं वाजवत चालायचं आणि जेवायला उकिरड्याशी बसायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले त्याच दिवशी त्यांनी डफडं फोडलं. पुढचं मात्र ते आज पहिल्यांदा बोलले.

"हात चांगला होता माझा. लई चांगला होता."

घरी जाताना गाडीत दीपानं इंग्रजीत विचारलं, आजोबांना माझा डान्स आवडला नाही का? त्यांचं डोकं दुखत होतं, असं धर्मराजनं सांगून टाकलं. इथल्या मराठी मंडळातही त्यानं आपल्या गावाविषयी कधी तोंड उघडलं नव्हतं. दीपाला डोकेदुखीचं पटलं नाही. आठवड्यानं एअरपोर्टवर अण्णांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, तर ती बाजूला सरकली.

ऑगस्टमध्ये अण्णा गेल्याचा फोन आला. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्या रविवारी धर्मराजनं दीपाला शेजारी बसवून सारं सांगितलं. 

"मी का रागावले होते, ते आजोबांना माहीत होतं?"

धर्मराजला आता खोटं बोलवेना. "निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, मी का उठून गेलो, ते पोरीला सांगितलंस ना? मी हो म्हणालो."



"मग त्यांना वाटलं असेल, मला सगळं माहीत आहे. आणि तरी मी त्यांना डोक्यावर हात ठेवू दिला नाही."