वीतभर वाईट वीण

मी एक जुना धोटा आहे, मित्रांनो. मागावरच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो मी. अंग शिसवीचं, दोन्ही टोकं लोखंडी आणि पोटात सुताची कांडी. आपल्या तोंडाने सांगू नये, पण माझ्यासारखा सुळकन जाणारा धोटा गांधीबागेच्या मागच्या आमच्या गल्लीत दुसरा नव्हता.

बाबनराव विणकरांनी मला एका सुताराकडून घडवून घेतलं. त्यांचं लग्न झालं आणि मी मैनाबाईच्या हाती आलो. काय हात होता तो! तिने दोरी ओढावी, मी धावावं, तिने ठोका मारून धागा बसवावा. तीस वर्षांत तिचा ठोका कधी जड पडला नाही की हलका. तिच्या काठाची लुगडी लोक नाव घेऊन मागत. कौतुक तिचं होई आणि ऐट मी मिरवायचो.

बहात्तर साली मैनाबाईला अठ्ठेचाळिसावं लागलं आणि काहीतरी बिनसलं. बसल्या जागी ती घामाने भिजायची. घटकेत हसायची, घटकेत डोळ्यांना पदर लावायची. का, ते तिलाही ठाऊक नसायचं. रागाच्या दिवशी वीण पत्र्यासारखी घट्ट व्हायची, रडवेल्या दिवशी अगदी विरळ.

एके दुपारी कांडी बदलायला तिने मला हातात घेतलं होतं. तेवढ्यात बाबनराव म्हणाले, "काहून वं, सूत सारखं तुटून राहिलं? ध्यान कुठं हाय तुह्यं?"

मैनाबाईने मला भिंतीवर फेकून मारलं. माझं टोक वाकलं.

विणकराच्या घरात धोट्याला चुकून पाय लागला तरी लोक नमस्कार करतात. दसऱ्याला आमची पूजा होते. तिथे धोटा भिरकावणं म्हणजे आक्रीतच! सून पुष्पलता चुलीपाशी थिजली. मला टोकापेक्षा अपमान जास्त लागला, खोटं कशाला बोलू? बाबनरावांनी मला उचलून कपाळाला लावलं.

"आजपासून तू मागावर बसू नको," ते म्हणाले. "तुले बाहेरचं लागलं हाय. भगताकडे जाऊ."

मैनाबाई भगताकडे गेली नाही आणि भांडलीही नाही. पंधरा दिवस माग बंद राहिला. त्यावर शोभाताई नावाच्या एका गिऱ्हाइकाचं लुगडं अर्धं विणून पडलं होतं. पुष्पलतेला साधं कापड यायचं, पण तो काठ मैनाबाईशिवाय कोणालाच जमत नव्हता. "माहा हातच गेला वं," असं ती सुनेला म्हणाली, तेव्हा माझा सगळा रुसवा पळाला. विणणं गेल्यावर या बाईजवळ राहणार तरी काय, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

मग लुगडं मागायला शोभाताई आल्या. त्या धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. पुष्पलतेने न राहवून त्यांना सगळं सांगितलं.

"अंगातून गरम वाफ निघते का, मैनाबाई? पाळी मागंपुढं होऊन राहिली?" शोभाताईंनी विचारलं. मैनाबाईने लाजत मान हलवली.

"मग बाहेरचं काही नाही लागलं तुले. पाळी जायच्या वक्ताले मनाचा तोल असाच हालते. मी बी त्यातून गेली. लई जड झालं तर दवाखान्यात ये, लाजू नको."

"पण कापड खराब होऊन राहिलं ना," बाबनराव पुटपुटले.

ते ऐकून मैनाबाई उठली. तिने मागावर गुंडाळलेलं लुगडं उलगडलं आणि त्यावरून बोटं फिरवत गेली. इथे घट्ट, इथे विरळ. आठ हात कापडात वाईट वीण सगळी मिळून निघाली वीतभर.

"अवो, पाहा!" तिचा आवाज चढला. "वीतभर! बाकीचं मीच विणलं ना? तेवढ्यासाठी माग हिसकला माह्यापासून?"

बाबनरावांनी स्वतः कापड चाचपून पाहिलं. मग हातोडी आणि कानस घेऊन माझं टोक सरळ करायला बसले. काम झाल्यावर त्यांनी मला मैनाबाईच्या हातात दिलं.

तिने मला कपाळाला लावलं. "धोटा फेकला, ते माह्यं चुकलं," ती म्हणाली. "आता वाफ आली का मी उठीन अन् दारातल्या वाऱ्यात कांड्या भरीन. तवर पुष्पा मागावर बसंन. अन् तुम्ही मले दरडावू नका. पाणी द्या."

तसंच ठरलं. म्हणून काही सगळे दिवस गोड झाले नाहीत. एकदा चहा थंड झाला म्हणून ती बाबनरावांवर अशी बरसली की शेजारी डोकावले, आणि मग तिलाच हसू फुटलं. पण माग चालू राहिला. पुष्पलता काठ शिकली, लुगडं पुरं झालं, आणि मैनाबाई पुढे बारा वर्षं विणत होती.

आता यंत्रमागांचा जमाना आला आहे आणि मी फळीवर पडून असतो. माझी तक्रार नाही, मित्रांनो. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवलंत तरी मला पुरे. पण तुमच्या घरी आई किंवा मावशी अशी विनाकारण चिडली, रडली, तर तिला नावं ठेवू नका. पाण्याचा गडू पुढे करा आणि काय होतंय ते विचारा. मला खुशाल फळीवर ठेवा. वीतभर वाईट विणीसाठी, आठ हात विणणाऱ्या बाईला मात्र फळीवर ठेवू नका.